तिऱ्हाईत

मराठी शिकविणाऱ्या माणसाला सोसायटीचा चिटणीस करू नये. कागद हाती आला की तो आधी ऱ्हस्वदीर्घ तपासतो आणि मजकूर तसाच राहतो. माझे तेच झाले.

दोन वर्षांमागे आम्ही इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्याचे काम काढले. कंत्राटदाराने "विमा आहे हं, सर," म्हणत एक कागद पुढे केला. मी तो फाइलीला लावला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी परांचीचा एक बांबू सुटला आणि फाटकापाशी झेंडू विकीत बसलेल्या आजींच्या हातावर आला. मनगट मोडले. ऐन सणाचा धंदा बुडाला.

त्या रात्री मी तो कागद प्रथम वाचला. विमा होता कंत्राटदाराच्या मजुरांचा! कामावर मजुराला इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हे आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. तो कागद तेवढ्यापुरताच. आजी काही मजूर नव्हत्या. त्यांच्यासारख्यांसाठी निराळा विमा लागतो. विमेवाले त्यांना 'थर्ड पार्टी' म्हणतात. आपला साधा शब्द आहे तिऱ्हाईत. एक पक्ष कंत्राटदार, दुसरा विमा कंपनी, आणि बांबू ज्याच्या अंगावर पडतो तो तिसरा. (फारसीत 'बीम' म्हणजे भीती. विम्याचे मूळ तेथे सांगतात. पटते.)

कंत्राटदाराने हात वर केले. सभेत "आपला काय संबंध?" असेही एकाने विचारून घेतले. अखेर दवाखान्याचे बिल सोसायटीने भरले. बुडालेल्या धंद्याबद्दल मात्र कोणी बोलले नाही, मीही नाही.

यंदा गच्चीचे काम निघाले, तेव्हा नव्या कंत्राटदाराची मी तासभर तोंडी परीक्षाच घेतली. तिऱ्हाइताला झालेली इजा आणि त्याच्या मालमत्तेचे नुकसान, दोन्ही धरले आहे ना? एका अपघाताला किती, आणि वर्षभरात मिळून किती? त्यातली पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून? काम लांबले तर मुदत पुरेल का? कागदावर सोसायटीचे नाव आहे का?

"आणि गच्ची पुन्हा गळली तर?" चहा ठेवता ठेवता आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

गच्ची त्यानेच पदरमोड करून नीट करायची. वाईट कामाची दुरुस्ती या विम्यात बसत नाही.

आजी यंदाही झेंडू घेऊन आल्या. या खेपेस तुमचाही विमा आहे, असे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी वर परांचीकडे पाहिले, टोपली उचलली आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसल्या.