चुंबकाचा स्पंद व अवधान

मुलांचें लक्ष अभ्यासांत लागावें म्हणून मस्तकास मंद विद्युत्प्रवाह देणारें यंत्र घरीं आणावें काय, अशी पृच्छा हल्लीं होऊं लागली आहे. तिचें मूळ गंभीर संशोधनांत आहे.

१९८५ सालीं शेफील्ड येथें अँथनी बार्कर यांनीं डोक्यावर तारेचें वेटोळें धरून क्षणिक चुंबकीय स्पंद सोडला, तों हाताचे स्नायु आपोआप हलले. कवटीस छेद द्यावा लागला नाहीं. १९८९ सालीं न्यूयॉर्कच्या अमासियन प्रभृतींनीं वेटोळें मस्तकाच्या मागें, दृष्टिकेंद्रावर, धरलें. अक्षरें क्षणभर दाखवून ८० ते १०० सहस्रांश सेकंदांनीं स्पंद दिला असतां तीं ओळखतां येईनात. बऱ्याच आधीं वा उशिरा दिला तर वाचन निर्वेध होई. डोळे तर उघडेच होते!

या जागीं स्पंद दिल्यानें कित्येकांस प्रकाशाचे ठिपकेहि दिसतात. २००७ सालीं लंडनच्या संशोधकांस आढळलें कीं, ठिपका जेथें उमटावयाचा तेथेंच लक्ष असेल तर स्पंदाचा जोर कमी पुरतो. म्हणजे अवधान दृष्टिकेंद्रास आधींच सज्ज करितें.

बाजारी यंत्रांतील मंद प्रवाहाची गोष्ट निराळी. त्याचे अवधानावरील परिणाम प्रयोगागणिक बदलतात. वाढत्या वयाच्या निरोगी मुलास तें लावूं नये, असें आमचें मत आहे.