नातवंडांची शाळा उघडते तेव्हा

दुबईला मुलाकडे निघालेले ज्येष्ठ दवाखान्यात येतात ते बहुधा तीन महिन्यांची औषधे लिहून घेण्यासाठी. मी त्यांना प्रथम विचारतो, ‘नातवाची शाळा कधी उघडते?’ प्रश्न ऐकून ते बुचकळ्यात पडतात.

दुबईत परदेशस्थ कुटुंबांसाठीच्या शाळा पुष्कळ आहेत. १९६१ साली स्थापन झालेले इंडियन हायस्कूल त्यांतील जुने. ब्रिटिश वा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांत तर एकाच वर्गात नाना देशांची मुले बसतात. जुलै-ऑगस्टच्या रणरणत्या उन्हाळ्यात अनेक कुटुंबे मायदेशी जातात आणि शाळा उघडण्याच्या सुमारास परततात. देशोदेशीचे विषाणू मग एका बंद, वातानुकूलित वर्गात एकत्र येतात. नातू चार दिवस शिंकतो आणि पुन्हा खेळू लागतो. पण त्याला कुशीत घेऊन झोपलेल्या, मधुमेह किंवा दमा असलेल्या सत्तरीच्या आजीला तोच इन्फ्लुएन्झा न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. नातवापासून दूर राहा, असे मी सांगत नाही. सांगितले तरी ऐकणार कोण?

म्हणून इन्फ्लुएन्झाची लस प्रयाणापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी. प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास तेवढा अवधी लागतो. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोकोकल लसीविषयीही आपल्या डॉक्टरांना विचारावे.

वृद्धांना अशा आजारात ताप येतोच असे नाही. अन्नावरची वासना उडणे, असंबद्ध बोलणे, उठताना तोल जाणे, बोलताना धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्गात रक्तशर्करा वाढते. जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करू नये.

खरी अडचण निराळीच असते. मुलाला खर्चात पाडायचे नाही, म्हणून परक्या देशात आई-वडील दुखणे लपवतात. प्रवासविम्यात पूर्वीचे आजार अनेकदा वगळलेले असतात; ते कलम निघण्यापूर्वीच वाचावे. आणि मुला-सुनांनो, लेकी-जावयांनो, संध्याकाळी घरी आल्यावर ‘बरी आहेस ना?’ असे विचारू नका. उत्तर ‘हो’ असेच येईल. ‘आज दुपारी काय जेवलीस?’ असे विचारा.

जाता जाता औषधांविषयी. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या काही गोळ्या यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. तेथील संबंधित सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय ती सामानात ठेवू नयेत. बाकीची औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असावीत.