पहिल्या सत्रात फुल्यांचे निवेदन

पदवीच्या पहिल्या वर्षाला शिक्षणशास्त्र घेतलेली मुले या महिन्यात वर्गात येऊन बसतील. पहिल्याच आठवड्यात आपण त्यांना व्याख्या उतरवून देतो. प्लेटो, फ्रोबेल, ड्यूई, गांधीजी, प्रत्येकाच्या दोन ओळी. मग शिक्षणाचा व्यापक अर्थ आणि संकुचित अर्थ. मुले ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. यंदा सुरुवात बदला, अशी आमची अध्यापकांना आग्रहाची विनंती आहे.

सुरुवातीला जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन वाचायला घ्या. ते मोजक्या पानांचे आहे. फुले आधी आपला अधिकार सांगतात: पुण्यात मुलींसाठी आणि महार-मांगांच्या मुलांसाठी आपण शाळा काढल्या. मग थेट पैशावर येतात. महसूल भरतो कष्टकरी रयत आणि सरकार सढळ हाताने खर्च करते ते वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही मागणी त्यातूनच येते. शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, ते शेतकरी वर्गातूनही यावेत, प्रशिक्षित असावेत, त्यांना किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये पगार मिळावा. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही हवे.

शाळेचा खर्च कोण उचलतो, शिक्षक कोण होतो, काय शिकवायचे आणि कोणासाठी, हे सारे इथे एकाच युक्तिवादात गुंफलेले आहे. आपण मात्र त्याचे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, अभ्यासक्रम असे वेगवेगळे पेपर पाडले. पेपर राहू देत, पण ते कुठून फुटले हे मुलांना आधी दिसले पाहिजे. सक्तीचा धागा पुढेही नेता येतो: सयाजीरावांचा अमरेलीतला १८९३ चा प्रयोग, गोखल्यांचे फेटाळले गेलेले विधेयक, शाहू महाराजांचा १९१७ चा कायदा आणि थेट २००९ चा शिक्षण हक्क कायदा. एवढी वर्षे का लागली, यावर वर्गात खुशाल वाद होऊ द्या.

दुसरी गोष्ट मुलांच्या स्वतःच्या शाळेची. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ च्या ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात दाखवले की, शिक्षक होऊ पाहणाऱ्याने वर्षानुवर्षे बाकावरून शिक्षक पाहिलेला असतो आणि तेवढ्यावरच त्याच्या मनात शिकवण्याचे चित्र पक्के होते. शिक्षकाने आदल्या रात्री काय ठरवले, कोणता प्रश्न गाळला, कोणत्या मुलाकडे मुद्दाम पाहिले नाही, हे त्याला बाकावरून दिसलेले नसते. म्हणून पहिल्याच महिन्यात मुलांना जवळच्या शाळेत पाठवा, पाठ घ्यायला नव्हे, केवळ पाहायला. छात्रसेवाकाल पुढे आहेच. हजेरीपटावर किती नावे आहेत आणि वर्गात किती मुले आहेत, मागच्या बाकावर कोण बसते, मुले आपसात कोणती भाषा बोलतात आणि बाईंशी कोणती, एवढे टिपून आणले तरी पुष्कळ झाले.

अंतर्गत गुण आपल्याच हातात आहेत. त्यातले काही या नोंदवहीला आणि फुल्यांच्या निवेदनावरील टिपणाला द्या, म्हणजे व्याख्यांच्या गाइडची गरज आपोआप कमी होईल. ज्या महाविद्यालयांत हे आधीपासून चालते, तिथल्या अध्यापकांनी आपले प्रश्नसंच आणि विद्यार्थ्यांची टिपणे आम्हाला पाठवावीत. पुढच्या अंकात आम्ही ती आनंदाने छापू.