पीईबी शेड घेताय? आधी खड्ड्याचं बोला

आपल्याकडं निफाड, दिंडोरी, सिन्नर कुठंही गाडी घेऊन फिरा, दर दोन-तीन किलोमीटरला एक नवं लोखंडी शेड दिसतंय. द्राक्षाचं पॅकिंग, कांदा साठवण, ट्रॅक्टरचं शोरूम, कुणाचं मंगल कार्यालय. सगळ्यांना पीईबी पाहिजे. कारखान्यातून तयार कॉलम-राफ्टर येतात, क्रेन येते, आठ-पंधरा दिवसांत शेड उभं. स्लॅबच्या मानानं काम झटपट, म्हणून लोक तिकडं वळलेत आणि त्यात चूक काही नाही. चूक होतीय ती जमिनीच्या खाली.

शेड घेताना शेतकरी काय विचारतो? पत्रा किती एमएमचा, रंग कोणता, चौरस फुटाला भाव काय. पायाबद्दल एकच वाक्य कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असतं: 'सिव्हिल काम मालकाकडे.' म्हणजे बोल्टच्या वरचं कंपनीचं, खालचं तुमचं. मग आपण गावातला गवंडी बोलावतो. गवंडी बिचारा घरं बांधणारा माणूस, तो घरासारखाच पाया घेतो. इथंच सगळी गडबड आहे.

घराचा पाया आणि शेडचा पाया यांचं काम उलटं असतं. घर जड. विटा, स्लॅब, भिंती खाली दाबतात, पायानं तो भार पेलायचा. पत्र्याचं शेड हलकं. त्याला भार पेलायची चिंता कमी, वारा वर उचलतो त्याची जास्त. पायानं शेडला धरून ठेवायचं असतं, जसा बैल खुंट्याला बांधलेला असतो तसं.

हिशोब करून बघू. भारतीय मानक आयएस ८७५ च्या भाग ३ मध्ये नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस फुटाला साधारण साडेआठ किलो होतो. ३० बाय ६० चं शेड घ्या, छप्पर १८०० चौरस फूट. उचल चौरस फुटाला ८ किलो धरली तरी १४ टनांच्या वर जाते. शेडचं स्वतःचं वजन चौरस फुटाला २ किलो धरलं तर साडेतीन टन. उरले जवळपास ११ टन. दहा कॉलम असतील तर प्रत्येकाला टनाहून जास्त ओढ, कोपऱ्यातल्यांना आणखी. आणि आपण खड्डा घेतो दीड बाय दीड, तीन फूट खोल. त्यात भरलेल्या काँक्रीटचं वजन साडेचारशे-पावणेपाचशे किलो. बाकीचं कोण धरणार?

हा माझा ढोबळ हिशोब आहे, इंजिनिअर तो नीट करतो. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

माझं स्वतःचं सांगतो. आमच्या कांद्याच्या शेडचे खड्डे असेच तीन फुटांचे होते, निव्वळ काळ्या जमिनीत. फॅब्रिकेटर म्हणाला, 'भाऊ, काही होत नाही.' दुसऱ्याच वर्षी वळवाच्या वाऱ्यात पश्चिमेकडचे दोन खांब काँक्रीटच्या गोळ्यासकट वर आले, जसं ओल्या वाफ्यातून कांदा उपटावा. पत्रा कुठंच फाटला नव्हता. आत निवडायला बायका बसल्या होत्या, त्या दहा मिनिटं आधीच चहाला घरी गेल्या होत्या. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

घाटकोपरला १३ मे २०२४ ला असं नशीब नव्हतं. पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा होर्डिंग कोसळला, १७ माणसं गेली. तपासात व्हीजेटीआयनं अहवाल दिला की पाया ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच होता, पाहिजे होता १५८ चा. त्या दिवशी वारा होता ८७ चा. होर्डिंग आणि शेड वेगळं, पण वाऱ्यापुढं पायाचं गणित तेच.

आता आपली जमीन. गोदावरी-कादवाच्या काठाची काळी पिकाला सोनं, बांधकामाला डोकेदुखी. पावसात फुगते, एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा. खांबाच्या बाजूची माती सुटली की पकड गेली. एक खांब वर, एक खाली झाला की राफ्टरला पीळ पडतो, बोल्टची भोकं ओढली जातात, पत्र्याच्या जोडातून पाणी गळायला लागतं. मग आपण म्हणतो पत्रा खराब निघाला.

काळीचा थर चार-पाच फुटांचा असेल तर सरळ मुरूम लागेपर्यंत खाली जावं. थर फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल नावाचा प्रकार आहे, रुरकीच्या सीबीआरआय संस्थेनं आपल्या काळ्या जमिनीसाठीच तो पुढं आणला. बोअरसारखं साडेतीन मीटर किंवा जास्त खोल जायचं आणि खाली मुळ्यासारखा फुगा काढायचा. फुगा खाली अडकतो, त्यामुळं वर उचलायलाही विरोध होतो. जोत्याखाली काळी काढून न फुगणारा मुरूम दाबून भरायची पद्धतही आहे, त्यावर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी मोठं काम केलंय.

खर्चाची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तीन बाय तीन, चार फुटांचा अख्खा ठोकळा भरला तर ३६ घनफूट काँक्रीट लागतं, वजन अडीच टनांच्या आत. त्याऐवजी तळाला चार बाय चारचं एक फूट जाड फूटिंग घ्या, मधून फूटभर जाडीचा कॉलम वर काढा, बाकी माती थराथरानं चोपून भरा. काँक्रीट १९ घनफूट, म्हणजे जवळपास निम्मं, आणि वरच्या मातीसकट वजन तीन टनांच्या पुढं. फक्त फूटिंगच्या वरच्या बाजूलाही सळईची जाळी लागते, कारण उचल आली की ते उलटं वाकतं. घराचा गवंडी ही वरची जाळी टाकत नाही.

दुसरा घोळ बोल्टचा. अँकर बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच बसवायचे असतात, कंपनीनं दिलेल्या टेम्प्लेट प्लेटनं, दोरी-ओळंबा लावून. ते अर्धा इंच सरकले की क्रेनच्या दिवशी बेस प्लेट बसत नाही. क्रेनचं भाडं तासाला चालू, मग गॅस कटरनं भोक मोठं करतात, नाहीतर बोल्ट कापून वरून वेल्डिंग मारतात. फोटोत दिसत नाही, रंगाखाली झाकलं जातं. कंपनीकडून प्रत्येक कॉलमची उचल आणि बाजूची ओढ किती याचा कागद आधी मागा. चांगली कंपनी तो देतेच. पोर्टल फ्रेमचे पाय बाहेर फाकायला बघतात, तो आडवा जोरही त्यात लिहिलेला असतो. कागद इंजिनिअरला दाखवून मगच खड्डे आखा.

सिंहस्थाच्या निमित्तानं जिल्ह्यात तात्पुरती-कायमची आणखी शेडं उभी राहतील. त्यांच्याही पायाचा कागद कुणीतरी मागायला पाहिजे.

माझे नवीन खड्डे परवा पूर्ण झाले. साडेपाच फुटांवर मुरूम लागला. जेसीबीवाला हसत होता, विहीर खणताय का म्हणून.