जुने यंत्र कोणासाठी जुने?

व्हिडिओ गेमच्या यंत्राचे वय नेमके कुठून मोजायचे? कंपनी ते बाजारात आणते त्या दिवसापासून, असे जाणकार सांगतील. पुणे-सातारा महामार्गालगतच्या, भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकसारख्या गावातून पाहिले की हे गणित बदलते. अशा ठिकाणी यंत्र परवडू लागते तेव्हाच ते 'येते', आणि तोवर जपान-अमेरिकेत त्याचा वारस गादीवर बसलेला असतो.

सोनीचा प्लेस्टेशन-२ मार्च २००० मध्ये जपानात आला. त्याचा वारस, प्लेस्टेशन-३, भारतात अवतरला एप्रिल २००७ मध्ये. किंमत ३९,९९० रुपये. त्या पैशांत तेव्हा जवळपास एक मोटारसायकल घरी येत असे. मोटारसायकल की खेळणे, हा प्रश्न कोणत्या शेतकरी घरात चर्चेला तरी येईल? कंपनीने मात्र जुन्याचे उत्पादन २०१२च्या अखेरीपर्यंत चालू ठेवले. यात तिचा परोपकार नव्हता. जगभर साडेपंधरा कोटींहून अधिक नग विकले गेलेल्या यंत्राचा बाजार कोण सोडेल? ब्राझीलमध्ये तर ते अधिकृतपणे पोहोचलेच २००९ मध्ये.

या उत्तरायुष्यातच आपल्याकडे एक लक्षणीय गोष्ट घडली. २००९ मध्ये हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' याच जुन्या यंत्रासाठी आला. 'देसी अड्डा'मधून कबड्डी आणि विटीदांडू पडद्यावर आले. मुंबईच्या ट्राइन या संस्थेने गल्लीतले क्रिकेट आणले. खेळ म्हणून 'हनुमान' सुमारच होता, हे मान्य करावे लागेल. पण यंत्र म्हातारे झाल्यावर का होईना, त्यावर आपला विटीदांडू खेळता आला. नव्या यंत्रासाठी खेळ रचण्याचा खर्च पाहता, नवखी मंडळी तिथून आरंभ करू शकली असती असे मला वाटत नाही.

त्याही आधीची पिढी निन्टेन्डोच्या नकलांवर वाढली. मूळ 'फॅमिकॉम' १९८३ सालचा. निन्टेन्डोने तो २००३ पर्यंत बनवला आणि २००७ पर्यंत दुरुस्त करून दिला. आपल्या घरांत आल्या त्या बव्हंशी त्याच्या स्वस्त नकला, आणि 'कॅसेट' या नावाने ओळखली जाणारी त्यांची खेळपेटी. चालली नाही तर फुंकर मारायची, पुन्हा खुपसायची, आणि मारिओ धावू लागे. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसे. (या नकला कायद्याने चोरीच्या होत्या, हे खरेच, पण अधिकृत दुकान जिथे उघडलेच नाही तिथे नीतिपाठ देणे सोपे असते.)

आज 'पाठिंबा' या शब्दाचा अर्थच पालटला आहे. पूर्वी कंपनीने हात काढून घेतला तरी यंत्र आणि कॅसेट घरात उरत. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी-यू यांची दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये. त्यानंतर तिथले कित्येक खेळ रीतसर विकत घेण्याची वाटच उरली नाही. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर मार्च २०२४ अखेर थांबले, तेव्हा पैसे मोजून घेतलेली तबकडीही निरुपयोगी झाली. छापखान्याने आवृत्ती काढणे थांबवले म्हणून आपल्या कपाटातल्या पुस्तकाची पाने कोरी होत नाहीत. इथे नेमके तेच होते.

मूठभर खेळाडूंसाठी सर्व्हर अनंतकाळ चालवा, असे कोणी म्हणणार नाही. त्याला वीज लागते, माणसे लागतात. पण दार लावताना किल्ली सोबत नेण्याचे कारण काय? जो खेळ एकट्याने खेळता येण्याजोगा आहे, तो जाळ्याविना चालेल अशी शेवटची दुरुस्ती देऊन मग खुशाल निघून जावे. तेवढेही जमणार नसेल, तर औषधाच्या वेष्टनावर असते तशी मुदत विक्रीच्या वेळीच खोक्यावर छापावी. वरव्यातला ग्राहक ती वाचून घेईल आणि मग पैसे काढायचे की नाही, ते ठरवील.