खाडा कुणाचा, भुर्दंड कुणाला?

आमच्या वस्तीतली एक ताई पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत हाऊसकीपिंगला होती. ओल्या जिन्यावरून घसरली, मनगटाचं हाड मोडलं. दीड महिना घरी बसावं लागलं. त्याच मजल्यावरचा साहेब आजारी पडला तर ती 'मेडिकल लीव्ह', आमच्या ताईचा मात्र 'खाडा'! पगार बंद, उपचाराला बचत गटाचं कर्ज, आणि प्लास्टर निघेपर्यंत तिच्या जागी दुसरी बाई आली होती.

सुपरवायझरचं म्हणणं ठरलेलं : "घरी बसणाऱ्याचा खर्च कंपनीने का सोसायचा?" आमचं उत्तर साधं आहे. हा खर्च विम्याने सोसायचा होता, आणि त्याचे पैसे ताईच्या पगारातून आधीच कापले होते.

आम्ही तिची पगारपावती पाहिली. 12,000 रुपये पगार, दर महिना ई.एस.आय.चे 90 रुपये कपात. मालकाचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे 390 रुपये. याच्या बदल्यात कामावर दुखापत झाली तर कामगाराला बरा होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. साध्या आजारात 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. हिशेबाने ताईला सोळा हजारांच्या आसपास मिळायला हवे होते. मिळाले शून्य! कारण तिला विमा क्रमांक कधी दिलाच नाही, आणि अपघाताची नोंदही केली नाही.

"आमचा संबंध नाही, एजन्सीला विचारा," असं कंपनी म्हणते. हे खोटं आहे. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावरच आहे. ती त्याने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्याच काळात, 1944 साली, प्रा. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. तो हक्क आज झाडू-पोछा करणाऱ्या आपल्याच आयाबहिणींपर्यंत पोहोचत नाही. आणि आम्ही? जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब मागतो, पण आईच्या पगारपावतीवरच्या 90 रुपयांचा हिशेब मागत नाही.

मित्रांनो, या रविवारी विहारात पगारपावत्या मागवा. कपात आहे पण विमा क्रमांक नाही, अशांची यादी करा. एजन्सी आणि कंपनी दोघांना लेखी विचारा, उत्तर आलं नाही तर ई.एस.आय. कार्यालयात तक्रार द्या. अपघात झाला तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. एकट्या बाईला दारावरून परत पाठवतात; वीस जणांचा अर्ज सहजासहजी परत पाठवता येत नाही.

जय भीम!