लेखक भेटला, तर काय बोलाल?



दर अंकात या पानावर मी बेणे बदला, पाचट जाळू नका, हुमणीचे भुंगेरे वेळीच गोळा करा, असे काही ना काही सांगत असतो. तुम्ही ते वाचता की नाही, हे शिवारात पाऊल टाकले की कळतेच! या खेपेला मात्र विषय थोडा वेगळा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने आपला प्रांत सोडून भलत्याच बांधावर कशाला जावे, असे कोणी म्हणेल. पण मनात आले ते लिहितो. गोड मानून घ्यावे.

निमित्त असे झाले. मागच्या महिन्यात गट ऑफिसला ऊस नोंदीसाठी एक तरुण सभासद आला होता. नोंद झाल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. एका नामवंत लेखकाबरोबर काढलेला फोटो होता. मी विचारले, ''अरे वा! काय बोलणं झालं?'' तर म्हणाला, ''काय न्हाई साहेब. गर्दी लई होती. फोटो काढला आन् आलो.'' ''त्यांचं काय वाचलंयस?'' तर नुसता हसला.

त्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. कारण माझी गत याहून वेगळी नव्हती.

मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. संक्रांतीला मित्राच्या मोटारसायकलवर बसून औदुंबरला गेलो. पलूस तालुक्यातले, कृष्णाकाठचे दत्ताचे औदुंबर आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण तिथे दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते, हे ठाऊक असणारे कमी. कवी सुधांशू हे त्याच गावचे. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी १९३९ साली हा उपक्रम सुरू केला. मोठे शहर नाही, मोठा हॉल नाही, तरी महाराष्ट्रातले नामवंत लेखक या आडबाजूच्या गावाला येत राहिले, आणि ऐकायला खेड्यापाड्यातली माणसे.

तिथे माझ्या आवडत्या लेखकाला मी प्रथम पाहिले. त्यांचे नाव लिहीत नाही. आता ते हयातही नाहीत. त्यांची कादंबरी मी वसतिगृहात दोनदा वाचली होती, आणि दुसऱ्यांदा वाचताना उशी ओली केली होती. भाषणे संपल्यावर धीर करून पुढे गेलो. पुस्तक पुढे केले, त्यांनी सही केली. मी म्हणालो, ''सर, तुमचं पुस्तक फार आवडलं.'' त्यांनी मान वर करून विचारले, ''काय आवडलं?''

माझी वाचाच बसली. ज्या पुस्तकाने रडवले त्यातला एक प्रसंग मला सांगता येईना. ते थोडा वेळ थांबले. मग माझ्या मागच्या माणसाने वही पुढे केली. सही आजही कपाटात आहे. पण पुस्तक हातात घेतले की आठवते ती सही नव्हे, तो प्रश्न.

आपल्याकडे लेखक आणि वाचक यांची भेट काही नवी नाही. साठीच्या पुढचे सभासद कथाकथनाच्या आठवणी सांगतात. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव फिरून लोकांना गोष्टी सांगत. शंकर पाटील हातकणंगले तालुक्यातल्या पट्टण कोडोलीचे. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, म्हणजे माणदेशचे. ही माणसे आपल्याच बोलीत बोलत, आणि आपलेच नमुने आपल्यापुढे उभे करत. पुढे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला, पाटील १९८५ साली नांदेडला आणि मिरासदार १९९८ साली परळी वैजनाथला. पण सतरंजीवर मांडी घालून ऐकणाऱ्याला अध्यक्षपदाचे काय! त्याला गोष्टीत आपला चुलता दिसला, आपली म्हैस दिसली. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते, तेही या तिघांचे वाचक झाले, असेच म्हटले पाहिजे. मिरासदार २०२१ साली गेले. त्या तिघांतले आज कोणीही नाही.

आता खरी सांगायची गोष्ट सांगतो.

दहाएक वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका गावाच्या वाचनालयाने एका ग्रामीण कथाकाराला बोलावले होते. मंडप नव्हता, फेटे नव्हते. चाळीसेक माणसे होती. चिटणीसांनी दोन महिने आधीच त्यांच्या कथासंग्रहाच्या पाच प्रती आणून गावात फिरवल्या होत्या, एवढी मात्र तयारी होती. लेखक म्हणाले, ''मी भाषण करणार नाही. तुम्ही विचारा.''

थोडा वेळ सगळे गप्प. मग एक म्हातारे सभासद उठले. म्हणाले, ''साहेब, तुमच्या गोष्टीत गडी दिवाळीला आडसाली लावतोय. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात. दिवाळीच्या टायमाला लावत्यात त्यो पूर्वहंगामी.'' सगळे हसले. लेखक हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढले आणि म्हणाले, ''अण्णा, परत एकदा सांगा.'' मग आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, कोणता ऊस किती महिन्यांनी तोडीला येतो, सगळे त्यांनी लिहून घेतले. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने त्याच्याकडून काही शिकून घेतले होते.

मग दुसरा एक सभासद उठला, तो रागातच. संग्रहात ऊसतोडीवर एक गोष्ट होती, आणि तीत बागायतदार वाईट दाखवला होता. तो म्हणाला, ''फेब्रुवारी निघून जातो, पाळी येत नाही. उसाला तुरा येतो, वजन घटतं. टोळी आली की खुशाली मागते, ड्रायव्हर एन्ट्री मागतो. नाही दिली तर फड तसाच उभा. हे तुमच्या गोष्टीत का नाही?'' लेखक म्हणाले, ''ही बाजू मला ठाऊक नव्हती. बसा, आणि सगळं सांगा.'' आणि तो सांगत राहिला. खुशाली देऊ नये, मागितल्यास गट ऑफिसला कळवावे, असे आपण दर हंगामात कळवतो. तो बोलत होता तेव्हा त्या गटाचा अधिकारी, म्हणजे मी, दुसऱ्या रांगेत खालमानेने बसलो होतो.

शेवटी मागून एक बाई उठल्या. त्यांचे आईबाप कोयत्यावर यायचे. त्या आता लग्न होऊन याच गावात राहतात आणि अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या म्हणाल्या, ''सर, तुमच्या गोष्टीतल्या बाईला मुकादम शिव्या देतो, ते बरोबर लिहिलंय. पण सहा महिने आम्ही गावाच्या कडेला राहायचो, आणि कुणी आम्हाला नाव विचारायचं नाही. माझ्या आईला 'ए कोयता' म्हणून हाक मारायचे. ते लिहायचं राहिलं.''

कोणी काही बोलले नाही. मघाशी तावातावाने बोललेला सभासदही नाही. लेखकाने ते वाक्य लिहून घेतले की नाही, मला दिसले नाही. कारण मी माझ्याच डायरीकडे बघत होतो. त्या डायरीत टोळीनिहाय आकडे होते. अमुक मुकादम, चौदा कोयते. अमुक मुकादम, अकरा कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा आपला हिशेब. इतकी वर्षे नोकरी झाली होती, आणि त्यातल्या एकाही बाईचे नाव माझ्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी फडावर गेलो. अकरा कोयत्यांच्या टोळीतल्या बावीस माणसांची नावे विचारून लिहिली. आधी त्यांना वाटले, काही चौकशी आली आहे. एक म्हातारी म्हणाली, ''नाव कशाला साहेब, काय चुकलं का?'' मग पोरांची नावे घेतली. सात पोरे शाळेच्या वयाची निघाली. ती यादी घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. गुरुजी भले होते, त्यांनी पोरे बसवून घेतली. पट्टा पडेपर्यंत त्यातली दोनच टिकली. बाकीची धाकट्या भावंडांना सांभाळायला कोपीवरच राहिली. दोन हा आकडा मोठा नाही, पण आधी तो शून्य होता. तेव्हापासून दर हंगामात माझ्या डायरीत कोयत्यांच्या आकड्यापुढे नावे असतात.

सांगायचे तात्पर्य, लेखकाच्या भेटीतून हे घडले. लेखकाने मला काही उपदेश केला नाही. त्यांनी फक्त लोकांना बोलते केले, आणि लोक बोलले ते मला लागले. भाषण झाले असते तर टाळ्या वाजवून घरी गेलो असतो.

याच्या उलटही पाहिले आहे. एका संस्थेच्या कार्यक्रमाला फार मोठ्या लेखिका आल्या होत्या. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, सत्काराला उत्तर, मग पुढाऱ्यांची भाषणे. पाहुण्यांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटे आली, तीही जेवणाच्या पंगतीत भांडी वाजत असताना. नारळ-शाल घेऊन बाई निघून गेल्या. त्यांना प्रश्न विचारायला म्हणून तयारी करून आलेल्या शाळेच्या चार मुली दारातच उभ्या राहिल्या. एकीच्या हातात प्रश्न लिहिलेला कागद होता. तो कागद तिने घडी घालून पुन्हा दप्तरात ठेवला.

आता कोणी म्हणेल, ''साहेब, याने टनेज वाढतं का?'' नाही वाढत. मी खोटे बोलणार नाही. पण एक विचारतो. आपण शिवार फेरी काढतो. ज्याने एकरी शंभर टन काढले त्याच्या फडात जातो. तिथे त्याच्याबरोबर फोटो काढून परत येतो का? सरी किती फुटांची, बेणे कुठले, पहिला डोस कधी, पाणी किती दिवसांनी, असे खोदून खोदून विचारतो. का? तर स्वतः शेती केलेल्यालाच प्रश्न सुचतात. लेखकाकडेही तसेच जावे. आधी पुस्तक वाचावे. हे माणूस तुम्हाला कुठे सापडले, हे खरे घडले का, शेवट असा का केला, असे विचारावे. चुकले असेल तर तेही सांगावे. आनंद यादवांची 'झोंबी' १९८७ साली आली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या शेतमजुरी-वाटेकरीच्या घरातल्या पोराने शाळेसाठी केलेली धडपड तीत आहे. ती वाचून स्वतःची शाळा आठवली नाही, असा माणूस आपल्या सभासदांत विरळा. यादव २०१६ साली गेले. आपल्यापैकी किती जणांना त्यांना काही सांगायचे होते, आणि राहून गेले?

सगळेच लेखक भेटतात असे नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत. सभा-समारंभापासून ते दूरच असत. पण पत्रे भरपूर लिहीत, इतकी की त्यांच्या मृत्यूनंतर त्या पत्रांचे खंड निघाले. म्हणजे पत्र हीसुद्धा भेटच. पोस्टकार्ड लिहिण्यात लाज कसली? शुद्धलेखन चुकेल म्हणून लिहीत नाही, असे एक सभासद म्हणाले. लेखक काही आपली वही तपासणार नाही. मजकूर खरा असला की पुरे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. संचालक मंडळाने आणि सभासदांनी विचार करावा.

(१) पट्टा पडल्यावर आणि पावसाळा सुरू होण्याआधी, वर्षातून एकदा एका लेखकाला किंवा लेखिकेला कार्यस्थळावर बोलवावे. हंगामात कोणाला सवड नसते. सत्कार पाच मिनिटांत उरकावा. भाषण नको. दोन तास प्रश्नोत्तरे.

(२) त्या लेखकाच्या पुस्तकाच्या काही प्रती दोन महिने आधी प्रत्येक गट ऑफिसला ठेवाव्यात. ज्याने वाचले त्याने आधी विचारावे. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलार गावाने २०१७ साली आपल्या घरांची दारे पुस्तकांसाठी उघडली. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावाला जमते, ते ऊस पिकवणाऱ्याला का जमू नये?

(३) त्या दिवशी पुढची रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवू नये. ती शाळेच्या मुलामुलींना द्यावी. आणि कार्यक्रम हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात घेता आला, तर टोळ्यांनाही निरोप द्यावा. त्यांच्याबद्दल लिहिले जाते, ते त्यांनीही ऐकावे आणि चुकले तर सांगावे.

खर्च फार नाही. पुस्तके, येण्याजाण्याचे भाडे, मानधन आणि चहा.

मोबाईलवर फोटो दाखवणाऱ्या त्या तरुण सभासदाला मी माझ्याकडचे त्या लेखकाचे पुस्तक दिले आहे. नोंदीची पावती न्यायला येशील तेव्हा त्यातले काय आवडले ते सांग, म्हणून बजावले आहे. बघू या, काय सांगतो ते.

आपल्यापैकी कोणाला लेखक भेटला असेल, बोलणे झाले असेल किंवा बोलायचे राहून गेले असेल, त्यांनी दोन ओळी लिहून गट ऑफिसला द्याव्यात. पुढच्या अंकात छापायची विनंती संपादक मंडळाला मी करीन. हुमणीवरचा लेखही पुढच्या अंकात येईल, काळजी नसावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी